हेडर बसवला, टॉर्क रेंचनं आवळला, तरी थंड इंजिनावर टिकटिक. अजून आवळू का?

पाचवा_गिअर

नमस्कार मंडळी. गाडी माझदा एमएक्स-५, उघडणाऱ्या छपराची, पहिली पिढी, १९९७ चं मॉडेल, १.८ लिटर. गेल्या शनिवार-रविवारी घरीच इंजिनातला धूर बाहेर नेणारा मूळचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून त्या जागी स्टेनलेसचा ४-२-१ हेडर (चार नळ्यांच्या आधी दोन, मग एक होणारा) बसवला. चार तासांचं काम धरलं होतं, लागले दोन दिवस. त्यातला दीड दिवस जुनं काढण्यातच गेला. हीट शील्डच्या एका बोल्टचं डोकं गोल झालं, ऑक्सिजन सेन्सर सुटता सुटेना, आणि सगळ्यात मागचे, चार नंबरच्या सिलिंडरजवळचे दोन स्टड (हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या भागात, पिळलेल्या आट्यांच्या दांड्या) नटासकट बाहेर आले. ते नटांपासून सोडवले, ब्रशनं घासले आणि परत हेडमध्ये पिळले. बाकीचे स्टड हलले नाहीत.

पॅकिंग नवं, पत्र्याच्या थरांचं. नट नवे. मधून बाहेरच्या दिशेनं, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंच (ठरलेला जोर झाला की क्लिक करणारा पाना) लावला. प्रत्येक नटावर क्लिक ऐकलं, एकही सोडला नाही.

आता सकाळी गाडी सुरू केली की टिक-टिक-टिक, शिवणयंत्रासारखं. तीनेक मिनिटांत आवाज बारीक होत जातो आणि मग जवळजवळ बंद. चौथ्या दिवशी इंजिनाचा दिवा लागला, कोड पी ०१७१, मिश्रण पातळ. आयडलला (पाय न देता नुसतं इंजिन चालू) शॉर्ट आणि लाँग ट्रिम, म्हणजे इंजिनाच्या संगणकानं पेट्रोलात केलेली भर, मिळून अधिक १४ टक्के, ३००० आरपीएमला अधिक ३. आणि केबिनचा पंखा लावला की जळका वास येतो.

एक मित्र म्हणाला हा टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज आहे, या गाड्यांना असतोच. दुसरा म्हणाला नट अजून पाव फेरा आवळ. कोणाचं ऐकू?

लालरेषा

पाव फेरा आवळा. माझंही असंच झालं होतं, इंजिन गरम असतानाच सगळे नट एकेकदा दाबून घेतले, आवाज गेला. टॉर्क रेंच वगैरे पुस्तकी गोष्टी. हाताला कळतं.

जुना_पाना

थांबा. पाना खाली ठेवा.

लालरेषा, तुमचा आवाज गेला याचा आनंद आहे. पण अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये गरमागरम स्टड पिळायचा सल्ला मी शत्रूलाही देणार नाही. आटे गेले तर हेड उतरवावं लागतं. नट पुन्हा आवळायचे असतातच, पण गाडी तीन-चारदा पूर्ण तापून पूर्ण थंड झाल्यावर, आणि थंड असतानाच.

आता पाचवा_गिअर, तुमचा पहिला मित्र अगदीच चुकीचा नाही. या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये हायड्रॉलिक टॅपेट आहेत, आणि तेल जुनं झालं किंवा गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते सकाळी टिकटिकतात, तेल चढलं की गप्प होतात. म्हणजे लक्षण तुमच्यासारखंच. बरं, वेगावरूनही ओळखता येत नाही. आयडल साधारण ८५० आरपीएम धरा. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट दोन फेऱ्यांत एकदा सुटतो, म्हणजे मिनिटाला ४२५ वेळा, सेकंदाला सातेक टिक. आणि एक टॅपेटही दोन फेऱ्यांत एकदाच हलतं. तीच टिक, तोच ताल. कानावर भरवसा ठेवणारे इथेच फसतात.

फरक काढायचा तो असा. थंड इंजिन सुरू करा आणि टिकटिक चालू असतानाच एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढून परत लावा. प्लगची वायर नको, नाहीतर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाईल. ज्या सिलिंडरला टिकटिक एकदम मऊ पडेल, तिथून धूर सुटतोय. टॅपेटला इंधन आलं काय नि न आलं काय, ते टिकटिकतच राहणार. (कोड पडतील, नंतर पुसा. सैल बाह्या, लोंबती दोरी काही नको, पट्टा फिरत असतो.)

पण खरं सांगू? तुमच्या प्रश्नात उत्तर जवळजवळ लिहिलेलंच आहे. पी ०१७१, आयडलला अधिक १४ आणि वर गेल्यावर अधिक ३. टॅपेट बिचारं ट्रिम कशाला बिघडवेल? सेन्सरच्या अलीकडे फट असली की दाबाच्या लाटेबरोबर धूर बाहेर जातो, आणि मागून कमी दाबाची लाट आली की त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो वाढवत सुटतो. मिश्रण पातळ नाहीच, उलट गाडी आता जास्त पितेय. आयडलला धुराचा प्रवाह कमी, त्यामुळे आत येणारी चमचाभर हवाही मोठी दिसते. वर गेल्यावर ती वाहून जाते. इनटेकची गळतीही ट्रिममध्ये अशीच दिसते हे खरं, पण तुम्ही त्या बाजूला हातच लावलेला नाही.

गरम झाल्यावर आवाज का जातो? फ्लँज, म्हणजे हेडला टेकणारी हेडरची पट्टी, फुगते म्हणून. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसची ३५० मिलिमीटर लांब पट्टी ३०० अंशांनी तापली तर पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास लांबते. हेड जेमतेम पाण्याच्या तापमानाला, ते त्या मानानं फारसं सरकत नाही. फ्लँजची भोकं थोडी ऐसपैस असतात ती याचसाठी. या ताणाताणीत छोटी फट दाबली जाते. फट मिटली म्हणजे दुरुस्त झाली असं नाही, रात्री परत उघडते.

आता मला खटकलेली गोष्ट. तुम्ही अगदी सहज लिहून गेलात: चार नंबरचे दोन स्टड नटासकट आले आणि परत पिळले.

किती पिळले?

हे विचारतो कारण मी स्वतः यात तीन आठवडे घालवलेत. माझीही १.८ च, हेडर वेगळ्या कंपनीचा. सगळीकडे क्लिक, सगळीकडे आकडा बरोबर, आणि सकाळी टिकटिक. पॅकिंग दोनदा बदललं. फ्लँज काचेवर ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घातला, ०.१ मिलिमीटरची पातीही जाईना, म्हणजे सपाट होती. शेवटी वैतागून सगळे नट काढले, हेडर मागे ओढला आणि नुसत्या स्टडवर नट बोटांनी फिरवत आत नेला. फिरत फिरत गेला आणि एका जागी थांबला. टक. पुढे आटेच नव्हते, स्टडचा गुळगुळीत गळा होता. तिथून हेडच्या तोंडापर्यंतचं अंतर व्हर्नियरनं मोजलं, १३ मिलिमीटर. फ्लँज अधिक पॅकिंग मोजलं, साडेअकरा. म्हणजे नट फ्लँजला दाबायच्या आधीच आटे संपून अडकत होता, आणि मी शहाण्यासारखा त्या अडकण्याला टॉर्क लावत होतो.

टॉर्क रेंचला डोळे नसतात हो. नट फिरायला किती जोर लागतोय एवढंच त्याला कळतं. तो जोर पॅकिंग दाबल्यामुळे लागतोय, गंजलेल्या आट्यांमुळे लागतोय, की नट गळ्याला जाऊन बसलाय म्हणून, ते त्याला सारखंच. तुमचा मूळचा मॅनिफोल्ड स्टडजवळ जाड होता, नवी फ्लँज पातळ आहे. जे स्टड पूर्ण आत आहेत त्यांना ते चालून गेलं असेल. पण जे दोन स्टड दोन-तीन मिलिमीटर जरी बाहेर राहिले असतील, तर त्यांचे नट फ्लँजपर्यंत पोचलेच नाहीत. आणि केबिनचा पंखा हवा घेतो काचेच्या खालून, म्हणजे चार नंबरच्या मागूनच. वास तुम्हाला पत्ता सांगतोय.

वासावरून आठवलं: वास येतो म्हणून निदान कळतं तरी, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. हे निस्तरेपर्यंत गाडी बंद गॅरेजमध्ये चालू ठेवू नका, आणि चालवायचीच वेळ आली तर छप्पर उघडं टाका. नाहीतरी त्याचसाठी घेतलीये ना.

कळवा: (१) नटाच्या बाहेर स्टडचे किती आटे दिसतात, पुढच्या सिलिंडरला किती आणि चार नंबरला किती? (२) स्टड आले तेव्हा भोकातून पाणी आलं का? (३) परत पिळताना ते शेवटपर्यंत गेले की मधेच जड झाले?

पाचवा_गिअर

आत्ताच टॉर्च घेऊन बघून आलो. पुढच्या सिलिंडरना नटाबाहेर तीन-चार आटे दिसतात. चार नंबरच्या वरच्या स्टडला सहा किंवा सात. खालचा नीट दिसत नाही, बोटानं चाचपला, तोही लांब लागतोय.

पाणी आलं नाही, भोकं कोरडी होती. कोरडी म्हणजे, मी आधी रात्रभर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं ते आत उतरलं असेल. आणि हो, स्टड परत घालताना शेवटी जड झाले होते. मला वाटलं टेकले.

इंजेक्टरचा प्रयोगही केला. पहिल्या तिघांना इंजिन नुसतं अडखळलं, टिकटिक तशीच. चौथ्याला टिकटिक गेल्यातच जमा.

जुना_पाना

मग टॅपेटला क्लीन चिट.

भोकं बंद तळाची असावीत आणि तळाशी तेल, गंजाचा भुगा, काजळी यांचा चिखल साचलाय. स्टड त्या चिखलावर जाऊन टेकला. तेलानं भरलेल्या बंद भोकात जोर करून स्टड पिळू नका, तेल दाबलं जात नाही, हेडला चीर जाऊ शकते. सुदैवानं तुम्ही थांबलात.

गाडी थंड, बॅटरीची ऋण बाजू सुटी, गाडी नुसत्या जॅकवर नको, स्टँडवर हवी. हेडर पूर्ण काढायची गरज पडू नये, खालचा जोड ढिला करून दोन बोटं मागे ओढता आला तरी काम होतं, पण पॅकिंग एकदा दाबलेलं आहे, नवं आणून ठेवा. ते दोन स्टड डबल नटानं काढा: दोन नट एकमेकांवर घट्ट आवळायचे आणि आतल्या नटाला पाना लावून उलटं फिरवायचं. भोक साफ करायला नवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालू नका, तो चांगले आटेही खरवडतो. त्याच मापाचा एक जुना बोल्ट घ्या, आट्यांच्या बाजूनं करवतीनं उभी खाच पाडा, आणि हातानं, फक्त हातानं, आत-बाहेर करा. घाण खाचेत येते. मग कापडाची वात घालून तेल शोषून घ्या, वरून हवा मारा. डोळ्यांवर चष्मा. मागच्या वेळी मी घातला नव्हता, त्याची गोष्ट नंतर कधीतरी.

स्टड बसवला की शेजारच्या न हललेल्या स्टडशी व्हर्नियरनं उंची जुळवा. जुळली, तरी नट बोटानं एकदा रिकामा फिरवून बघा कुठे थांबतो ते. तो आकडा फ्लँज अधिक पॅकिंगपेक्षा दोनेक मिलिमीटर तरी कमी हवा. नसेल तर कडक पोलादी वायसर घाला. साधा मऊ वायसर उष्णतेत बसतो आणि नट ढिला पडतो.

आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं मलम) लावणार असाल तर लक्षात ठेवा, मॅन्युअलमधला आकडा बहुतेक वेळा कोरड्या आट्यांचा असतो. वंगण असलं की त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. आणि कोणी सिलिकॉन लावा म्हणालं तर हात जोडा. एक तर त्या उष्णतेला ते तिथे टिकत नाही, वर त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर निकामी करते.

सपाट_इंजिन

मधेच घुसतो. मी टोयोटा ८६ वाला. मलाही हेडर टाकून मधल्या आरपीएमचा टॉर्कचा खड्डा भरायचाय. आमच्यात स्टडची भानगड कमी असते का? आणि खोक्यावर लिहिलेले घोडे (हॉर्सपॉवर) खरंच मिळतात का?

जुना_पाना

खोक्यावरच्या घोड्यांना चारा खोक्यातच.

गंमत सोडा. हेडर काय करतो तर नळ्यांची लांबी जुळवून लाटांची वेळ साधतो. एका सिलिंडरचा धूर सुटला की दाबाची लाट नळीतून जाते, जोडाशी पोचली की उलटी, कमी दाबाची लाट मागे येते. व्हॉल्व्ह मिटायच्या बेतात असताना ती पोचली तर उरलासुरला धूर ओढून घेते. पण ती वेळ एका ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच जुळते. ४-१ मध्ये हा फायदा सहसा वरच्या टोकाला मिळतो, ४-२-१ मध्ये मधल्या पट्ट्यात पसरतो. आमच्या इंजिनात सिलिंडर पेटायचा क्रम १-३-४-२, म्हणून १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी. जोडीतले दोघं बरोबर एका फेऱ्याच्या अंतरानं सुटतात, एकमेकांच्या पायात येत नाहीत. याहून जास्त हवं तर ईसीयूचं ट्यूनिंग लागतं, नुसत्या नळ्यांनी गाडी राक्षस होत नाही. आवाज मात्र पहिल्या दिवसापासून मिळतो, आणि खरं सांगा, निम्मे लोक त्यासाठीच करतात.

तुमच्या ८६ ची गोष्ट वेगळी. बॉक्सर इंजिन (सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे), हेडर खालून लागतो, खालचं कवच काढलं की समोरच. हात घालायला आमच्यापेक्षा सोपं. पण तुमच्या मूळ हेडरमध्येच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला आहे. आमचा कन्व्हर्टर पुढे वेगळा असतो, म्हणून आम्ही हेडर बदलला तरी तो जागेवर राहतो. तुम्ही कॅटशिवायचा हेडर टाकलात तर पी ०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड) जवळजवळ ठरलेला, आणि बऱ्याच देशांत अशी गाडी रस्त्यावर आणणं कायद्यात बसत नाही. सेन्सरखाली नळीचा तुकडा लावून त्याला फसवायचे सल्ले भरपूर मिळतील. त्यानं दिवा विझतो, धूर तोच राहतो. कॅटसकट येणारा हेडर बघा.

आणि असमान लांबीच्या नळ्यांचा घेतलात तर सुबारूसारखी गुरगुर येईल. शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत ते आधी तपासा.

लालरेषा

ठीक आहे, गरम आवळायचा सल्ला मागे घेतो. माझेही आटे आत्ता मोजून आलो. सगळीकडे सारखे. नशीब म्हणायचं.

पाचवा_गिअर

शनिवारी केलं. सविस्तर लिहितो, कोणाला उपयोगी पडेल.

आधी खालचा जोड आणि हेडरचा आधाराचा ब्रॅकेट सोडला. ब्रॅकेट सोडल्यावर हेडर आपोआप दोन मिलिमीटर खाली बसला. म्हणजे मी तो ताणात बसवला होता. ही चूक कोणी विचारलीही नव्हती, मीच सांगतो. या वेळी आधी हेडचे सगळे नट हातानं लावले, मग खालचा जोड, मग ब्रॅकेट, आणि पाना सगळ्यात शेवटी.

वरचा स्टड डबल नटानं लगेच निघाला. उंची मोजून ठेवली होती: शेजारच्यापेक्षा ४ मिलिमीटर जास्त. खालचा अडीच मिलिमीटर जास्त. पॅकिंग काढलं तर चार नंबरच्या भोकाच्या मागच्या कडेला पंख्यासारखी काळी काजळी उमटलेली, बाकी तिन्ही भोकांभोवती स्वच्छ चकचकीत वळं. फोटो काढायला हवा होता, हात तेलकट होते.

जुन्या बोल्टला खाच पाडून भोकात फिरवला. पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा खाच काळ्या लोण्यानं भरलेली. चार वेळा पुसून परत घातला, पाचव्या वेळी स्वच्छ आला. त्यानंतर स्टड हातानंच शेवटपर्यंत गेले, आणि उंची शेजाऱ्यांशी जुळली, फरक अर्धा मिलिमीटरही नाही. रिकामा नट फिरवून पाहिला, फ्लँज-पॅकिंगपेक्षा तीन मिलिमीटर जास्त आत गेला. वायसर लागला नाही.

पहिल्यांदा सुरू केली तेव्हा धूर आला, घाबरलो, पण तो सांडलेल्या तेलाचा होता, दहा मिनिटांत संपला. स्टेनलेसवर माझा अख्खा पंजा तपकिरी उमटलाय, बसवण्याआधी स्पिरिटनं पुसायला विसरलो. आता तो तसाच राहणार बहुतेक.

रविवारी सकाळी थंड सुरू केली. टिकटिक नाही. कोड पुसला, पाच दिवस झाले, परत आला नाही. आयडलचे ट्रिम अधिक २. चार वेळा तापून थंड झाल्यावर आज परत टॉर्क लावला, मधला एक नट किंचित फिरला, बाकी हलले नाहीत. पंखा लावला तरी वास नाही.

आता तो हीट शील्डचा गोल झालेला बोल्ट. तो अजून तिथेच आहे आणि शील्ड एका कोपऱ्यात ३२०० आरपीएमला थरथरतं. त्याचं काय करू?

जुना_पाना

डोक्याला कानशीनं दोन समोरासमोर सपाट बाजू पाडा आणि चिमटा पाना लावा. नाहीच निघाला तर त्यावर नट वेल्ड करून घ्या, वेल्डच्या उष्णतेनं निम्मं काम होतं. फक्त वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडा, आणि तिथे क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारला असेल तर पूर्ण पुसून, वाळवून मगच. तापला की त्याचा विषारी वायू होतो.

पंजाचा डाग मात्र राहू द्या. माझ्या हेडरवर अंगठा आहे.